वाऱ्याचं खुराडं

"कोंबड्या किती मावाय पाहिजेत?"

शिरोली एमआयडीसीत पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांनी सरांना विचारलेला हा पहिला प्रश्न. सरांनी त्यांच्या हातात एक चित्र दिलं होतं. हातभर लांबीचा चौकोनी डबा, बूड नाही, वरच्या पत्र्याला एक भोक आणि त्यात रबराचं बूच. असे सहा नग.

"एकही नाही," सर म्हणाले.

"मग ससं?"

"हवा."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "हवेला जाळी लागती सर. चारी बाजूनं पत्रा मारल्यावर हवा आत यायची कशी?"

"यायची नाहीच. आत आहे ती कोंडायची आहे."

चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "सर बरं हायत न्हवं?"

मी 'बरे आहेत' म्हणाले खरी, पण त्यांच्या हाताखाली येऊन मला तेव्हा दोनच महिने झाले होते. शपथेवर सांगितलं नसतं.

चाचांनी डबे चोख करून दिले आणि ओळखायला बरं म्हणून प्रत्येकावर रंगानं लिहून दिलं, 'खुराडं १', 'खुराडं २', असं सहापर्यंत. सरांनी ते कधी पुसलं नाही. पुढं आमच्या गडमुडशिंगीत त्यांना खरं नाव कुणी विचारलंच नाही. खुराडेवाले सर, एवढ्यावर भागलं.

सरांनाही दुसऱ्याच्या नावाचं वावडं होतं. विद्यार्थ्याला ते त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायचे. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा 'इचलकरंजी' आणि मी 'मुडशिंगी'. प्रयोगशाळेत फोन आला की सर ओरडायचे, "मुडशिंगी, इचलकरंजीला सांग, कागलचा फोन आहे." बाहेरच्या माणसाला वाटावं, ही एसटीची कंट्रोल रूम आहे. एकदा मी चिडून म्हणाले, "सर, मला नाव आहे."

"नाव आईबापानं ठेवलेलं असतं. माती कुणी ठेवत नाही," ते म्हणाले. "तुझं गाव कळलं की तुझ्या नखातली माती कोणती ते मला कळतं. नावावरून काय कळणार?"

मी गुपचूप नखं बघितली होती.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. बी.एस्सी. झाल्यावर पाहुण्यांनी घराला रांग लावली, तेव्हा मी आबांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, अजून दोन वर्षं द्या. आबा चौथी शिकलेले. त्यांनी विचारलं, "दोनच न्हवं?" मी म्हटलं, दोनच. एम.एस्सी.ला माती घेतली आणि सरांच्या तावडीत सापडले.

सरांचा सगळा जीव एका वायूत अडकला होता. नायट्रस ऑक्साइड. दात काढताना डॉक्टर हुंगवतात तोच, हसवणारा. तो जमिनीतूनही निघतो, आणि आपण जमिनीत युरिया ओतला की जास्तच निघतो, हे सर वर्गात जसं सांगायचे तसंच लग्नाच्या पंगतीतही सांगायचे. आमच्या चुलतभावाच्या लग्नाला त्यांना बोलावलं होतं. नवरदेवाच्या बापानं हात जोडून 'जेवून जावा' म्हटलं, तर सरांनी त्याचे जोडलेले हात धरून विचारलं, "एकरी पोती किती टाकता?" त्या माणसाला वाटलं, तांदळाचं विचारतायत.

पंगतीत कुणी तिसऱ्यांदा भात वाढायला आलं की सर ताटावर हात आडवा धरायचे. "युरिया नको. पोट भरलंय." मग शेजारच्याला समजावत बसायचे. "हे बघा पावणं, ऊस त्याला लागतं तेवढंच खातो. तुम्ही कोल्हापूरचे, तुमचा वाढायचा हात आखडत नाही. टाकला युरिया, वर सोडला पाट. जमीन चिंब झाली की तिच्यातली हवा संपते. आतले जिवाणू गुदमरतात. मग ते युरियातून तयार झालेल्या नायट्रेटमधला ऑक्सिजन ओरबाडून घेतात आणि उरतो तो हा वायू. जमिनीनं ढेकर दिला म्हणा."

"मग काय झालं? ढेकर दिला तर दिला की."

"तुमचा ढेकर मांडवात विरतो. हा वर जातो आणि शंभरेक वर्षं राहतो. कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पटीनं उष्णता धरून ठेवतो. त्याच्याही वर गेला की ओझोनचा थर कुरतडतो."

"आणि हसू?" शेजारचा मुद्द्यावर यायचा. "हसवायचा वायू आमच्या रानातनं निघतोय, मग आम्हाला हसू कसं येईना?"

"तुम्ही कुठं हुंगताय? आभाळ हुंगतंय."

सर सीमेकडचे. घरी कानडी, दारी मराठी. एखादी गोष्ट पटली नाही की "हौदा?" म्हणायचे, म्हणजे 'असं होय?', आणि त्या एका शब्दात समोरच्याचा निम्मा अभ्यास गळून पडायचा. डब्यातली हवा सिरिंजनं ओढताना दांडा सावकाश ओढावा लागतो. त्यासाठी ते आम्हाला कानडीत आकडे मोजायला लावायचे. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मी विचारलं, मराठीत का नाही? "मराठीत मोजलं की तुम्ही पळता. येत नसलेल्या भाषेत माणूस जपून चालतो." इचलकरंजी पाचाच्या पुढं कायम अडकायचा आणि पुन्हा ओंदुवर यायचा. त्याची सिरिंज सगळ्यात संथ भरायची. सर त्याचं कौतुक करायचे.

प्रयोग आमच्याच रानात होता. सर शेत शोधत होते तेव्हा मीच आबांना तयार केलं. उसाचे सहा तुकडे पाडले, प्रत्येकात एक पत्र्याची चौकट जमिनीत ठोकलेली. हवा घ्यायच्या दिवशी चौकटीच्या खाचेत पाणी भरायचं आणि वर खुराडं बसवायचं, म्हणजे फटीतून वारा निसटत नाही. तीन तुकड्यांना नेहमीसारखा पूर्ण युरिया, फेकून, वर पाट. ते इचलकरंजीकडं. उरलेल्या तीन तुकड्यांना निम्माच युरिया, तोही वाफसा आल्यावर, पहारीनं भोक पाडून मुळाशी. ते माझ्याकडं. वाफसा म्हणजे जमीन ओली तर आहे पण तिला श्वास घेता येतोय, अशी वेळ. सर मूठभर माती दाबून गोळा करायचे, छातीच्या उंचीवरून सोडायचे आणि तो फुटला की टाळी वाजवायचे. गोळा फुटला म्हणून टाळी वाजवणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

खुराड्याजवळ पाय टाकायची कुणाची टाप नव्हती. पाय पडला की माती दबते आणि आतला वायू एकदम बाहेर येतो. म्हणून सरीतून फळ्या टाकल्या होत्या. आई एकदा चहा घेऊन थेट डब्याकडं निघाली. सर ओरडले, "अक्का! फळी! फळीवरनं या!" आई दचकली, मग कपबशा सांभाळत फळीवरून डोंबाऱ्याच्या खेळासारखी आली. चहा हातात देऊन म्हणाली, "एका कपासाठी पूल बांधून घेतलासा की सर."

"चहा चांगला आहे अक्का. पुलाच्या लायकीचा आहे."

आई आठवडाभर हे सगळ्या गल्लीला सांगत होती.

आता सरांची ती पद्धत सांगते, जिच्यामुळं पुढचं सगळं झालं. बाटल्यांत गोळा केलेली हवा कॉलेजच्या यंत्रात तपासून आकडा यायला आठवडा लागायचा. दुसरे प्राध्यापक तो आकडा कपाटात ठेवतात. सर पुढच्या गुरुवारी वही घेऊन आमच्या बांधावर उभे राहायचे आणि मोठ्यानं वाचायचे. "जमीन यांची, मग आकडा आधी यांना कळायला नको?" असं त्यांचं म्हणणं. आबा टोपी काढून ऐकायचे. शेजारच्या रानातली माणसंही खुरपं थांबवायची.

"इचलकरंजी, एकोणतीस. मुडशिंगी, सहा. इचलकरंजी, तेहतीस. मुडशिंगी, आठ."

माझा आकडा कमी आला की सर खुश, मी खुश. आबा टोपी घालून गप निघून जायचे. त्यांना ऊन लागत असेल, असं मला वाटायचं.

आणि एका गुरुवारी वहीवर नजर टाकून सर थांबले. मग नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "मुडशिंगी. एक्याण्णव."

माझ्या दुसऱ्या तुकड्याचे अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्याचे मात्र सात.

रस्त्याला लागल्यावर सरांनी स्कूटर थांबवली. "बाटल्या बदलल्यास."

"नाही सर."

"हौदा?"

"मी न्हाई बदललो!" मी ओरडलेच. चिडले की माझं गाव तोंडात येतं, आणि आमच्याकडं बाईमाणूसही 'बदललो'च म्हणतं. "यंत्र तपासा तुमचं. माझ्यावर येऊ नका."

त्यांनी यंत्र तपासलं. बूचं तपासली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच रानात येऊन फळीवर गुडघे टेकून बसले. गाईम्हशींच्या मुतानंही हा वायू वाढतो, तेव्हा त्यांचा संशय शेजारच्या म्हशीवर गेला. तिच्या मालकाला त्यांनी बांधावर गाठलं.

"तुमची म्हैस या चौकटीत उभी राहिली होती का?"

"आसंल की."

"मुतली का? कधी? साधारण किती?"

"सर," तो माणूस हात जोडून म्हणाला, "तिनं वहीत लिहून ठेवलं न्हाय."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांच्या निवृत्तीला पाचच महिने राहिले होते आणि ऊस काही पुन्हा त्यांच्यासाठी उगवणार नव्हता. ह्या हंगामाच्या शेवटी परिसरातल्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यात उभं राहून त्यांना सांगायचं होतं, निम्म्या युरियात, वाफशावर, आभाळात जाणारा वायू कमी होतो, बघा हे आकडे. आणि माझा सगळा प्रबंध त्याच आकड्यांवर होता. आकडे गेले तर आणखी एक वर्ष. ते मागायला माझं तोंड उरलं नव्हतं. दोनच न्हवं, असं विचारून घेतलं होतं माझ्याकडून.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर पेढे. अर्धा किलोचा खोका, दोरी सोडलेला. आबा उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर एकेक ठेवत होते.

"कशाचं?" मी विचारलं.

"एक्याण्णवचं!" आबा म्हणाले. "आपल्या घरात कुणाला कधी एक्याण्णव पडलं न्हाईत बाई."

मी पिशवी खाली ठेवली. "आबा, तुम्ही काय केलं?"

"कुठं काय? मागल्या आठवड्यात, तुमी हवा घ्यायच्या आदी, वैरणीला गेलतो सकाळी. दोन-दोन मुठी युरिया टाकला चौकटीत." ते अगदी सरळ सांगत होते, गोठ्यात पेंड टाकली तसं. "दर गुरुवारी ऐकतोय. त्या इचलकरंजीच्या पोराला तीस-तीस, आणि तुला सहा. सगळं रान ऐकतंय. त्येला पोटभर युरिया दिल्यावर त्याचं वाढणारच की. तुलाच अर्धपोटी का ठेवत्यात? पोरगी म्हणून? म्हटलं, आपलं रान, आपला युरिया. बांधाकडच्या दोन्हीत टाकला. आतल्या तिसऱ्यापर्यंत जायला ती फळी लई हालती."

"आबा, कमी आकडा चांगला. कमी."

आबांनी खोका मांडीवर ओढला. "कमी चांगला?"

"व्हय."

"कुठल्या शाळंत?"

पहिलीपासून माझ्या प्रत्येक निकालावर त्यांनी शेवटच्या आकड्याखाली अंगठा ठेवून 'मागल्यापरास जास्त हाय न्हवं?' एवढंच विचारलं होतं. निकालातलं तेवढंच त्यांना कळायचं. त्यांनी खोक्याला पुन्हा दोरी बांधली. गाठ बसेना.

दोन दिवस मी कॉलेजला गेले नाही. गप बसले असते तर चाललं असतं. म्हशीवर ढकलता आलं असतं, ती बोलणार नव्हती. पण मग सर मेळाव्यात उभे राहून सांगणार होते, निम्मा टाका नाहीतर पूर्ण टाका, काही फरक पडत नाही. आणि सर सांगतायत म्हणून माणसं ते ऐकणार होती. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन मी एका दमात सगळं सांगितलं. पेढ्यांसकट.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं, आता 'हौदा?' येणार.

"मूठ केवढी?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"आबांची मूठ. केवढी आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तराजू घेऊन आमच्या अंगणात हजर. आबा भिंतीला लागून उभे, पोलीस आल्यासारखे. सरांनी त्यांच्यापुढं युरियाचं घमेलं ठेवलं. "पावणं, त्या दिवशी टाकली तशी मूठ भरा." आबांनी भरली. सरांनी तोलली. "पुन्हा." असं तीनदा. वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "हात मोठा आहे तुमचा."

"सर, चुकलं," आबा म्हणाले. "पोरीला काय करू नगासा. कालिजात येऊन कुणाम्होरं सांगायचं आसंल तर मी सांगतो."

"तुम्ही कशाला सांगताय?" सर म्हणाले आणि तराजू उचलून स्कूटरला बांधू लागले. चहासुद्धा घेतला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

दोन तुकडे त्या तारखेपासून बाद झाले. मेळाव्यात सरांना बोलायला उभं केलं, तेव्हा इतकी वर्षं लग्नात, पंगतीत, एसटीत न विचारता बोलणारा हा माणूस म्हणाला, "अजून खात्रीनं सांगता येत नाही." आणि खाली बसला. मागं कुणीतरी खुराड्यावरून काहीतरी बोललं, लोक हसले.

माझा प्रबंध उरलेल्या आकड्यांवर उभा करायचा ठरलं. बाद केलेल्या नोंदींसमोर मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव वगळल्या'. सरांनी त्यावर लाल काट मारली. "हे खोटं आहे."

"मग खरं लिहू? माझ्या बापाला अक्कल नव्हती, असं छापू?" मी उभीच राहिले. "सर, तुम्हाला तुमचा आकडा प्यारा आहे. माझा बाप उद्या कुणीही कपाटातनं काढून वाचावा आणि हसावं, असलं मी लिहिणार नाही. नापास करा."

"बस."

"बसत नाही."

"मग उभी राहून वाच," म्हणत त्यांनी माझ्याच कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं सरकवलं. त्यांचं अक्षर वाईट. मी दोनदा वाचलं. 'मार्गदर्शकाने शेतकऱ्यास दर आठवड्याला आकडे सांगितले, त्यांचा अर्थ सांगितला नाही. त्यामुळे दोन तुकड्यांत जादा युरिया पडला. चूक मार्गदर्शकाची आहे.' खाली सही, पूर्ण नावानिशी.

"हे खरं आहे का खोटं?" त्यांनी विचारलं. "सहा महिने मी बांधावर उभा राहून ओरडत होतो. त्या माणसाला काय ऐकू येतंय ते एकदाही विचारलं नाही. आणि म्हशीला विचारलं."

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या बाईंनी ते पान उघडलं, वाचलं, चष्म्यावरून सरांकडं बघितलं. "निवृत्तीच्या वर्षात असं कुणी लिहून देत नाही हो."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही हिला प्रश्न विचारा."

त्यांनी तासभर विचारले. मी पास झाले.

आता मी एका माती तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करते. शेतकऱ्याच्या हातात अहवाल देताना आधी विचारते, यातला कोणता आकडा तुम्हाला चांगला वाटतो? निम्मे लोक उलटंच बोट ठेवतात. सर राजारामपुरीत असतात. गल्लीतल्या कुंड्यांत कोण किती खत घालतं यावर त्यांचं लक्ष असतं, आणि गल्लीचं त्यांच्यावर. रस्त्यात भेटले की अजून 'मुडशिंगी' म्हणूनच हाक मारतात, रिक्षावाल्याला वाटतं त्यांना तिकडं जायचंय.

निकाल लागला त्या दिवशी आबांनी मला प्रबंध काढायला लावला. "ते आपलं पान वाच," म्हणाले. आपलं पान. मी सरांच्या तीन ओळी वाचून दाखवल्या. आबांनी त्या पुन्हा वाचायला लावल्या, आणि मग सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे कुणाचं नाव?"

"सरांचं."

"युरिया मी टाकला."

"व्हय."

"आणि चूक ह्येनी घेतली? पुस्तकात? छापून?"

"व्हय आबा."

आबांनी त्या सहीवरून अंगठा फिरवला. मग पान मिटून प्रबंध माझ्या हातात दिला.

"एवढं शिकल्यावर आसं करता येतं व्हय," ते म्हणाले. "मग तुझं अजून ऱ्हायलंय. आजून दोन वर्सं घे."